रविवारचे उपास

आमच्या लेआउटमधल्या एकाही घराने आपली हद्द पाळलेली नाही, हे मला सामानाच्या ट्रकमधून उतरता उतरताच दिसलं. कोणाची पायरी तीन फूट रस्त्यावर आलेली, कोणाचा गाडी चढवायचा उतार चार फूट, तर कोणी कुंपणाबाहेर तुळस लावून तिच्याभोवती चांगला ओटाच बांधून टाकलेला. नकाशात रस्ता तीस फुटांचा आहे. प्रत्यक्षात समोरून ट्रॅक्टर आला तर आमच्या ट्रकवाल्याला मागे जावं लागलं. मी भूकरमापक आहे. वीस वर्षं वाशिम जिल्ह्यातली वावरं मोजत फिरलो. माणूस तोंडाने काय सांगतो तिकडे मी लक्ष देत नाही, त्याचा धुरा, म्हणजे वावराचा बांध, कुठे सरकलाय ते पाहतो. या सवयीचा मला अभिमान होता, हे आधीच सांगून टाकतो.

आम्ही मूळचे कामरगावचे. नोकरीमुळे चौदा वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली, त्यातली जास्त कारंज्यात. तिथली घरमालकीण गोड बाई होती. दिवाळीला फराळाचं ताट पाठवायची, आमच्या पोर्णिमेला बायकोने दिलेली खीर हसून घ्यायची. एका पोर्णिमेला बायको मागच्या दारी कपडे वाळत घालत होती, तेव्हा ती खीर गाईपुढे ओतली जाताना तिने पाहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आपलं घर झालं का मी पुरी गल्ली जेवाले बसवीन. घरात. माह्या हातचं." तेव्हापासून तिचं एवढंच एक मागणं होतं. मी तिला चिडवायचो, की तुझ्या हातचं खाल्ल्याने लोकांची काय बढती होणार आहे का.

तर वाशिमला घर झालं. शहराच्या कडेला, जिथे परवापर्यंत भाजीचे मळे होते तिथे. लेआउटचं नाव एका देवीच्या नावाने ठेवलेलं होतं आणि त्यात राहणाऱ्यांना आपण पुण्यात राहतो असं वाटत होतं. पहिल्या आठवड्यात मी रोज पायी फिरून सगळा भाग पाहून घेतला. बगिच्यासाठी राखलेल्या मोकळ्या जागेवर टिनाचं शेड टाकून मंदिर केलं होतं, आणि मंदिराच्या मागे सगळी गल्ली कचरा टाकत होती. पुढून आरती आणि मागून कचरा, दोन्ही न चुकता. सकाळी सहाला बुटं घालून पुरुषमंडळी त्या मोकळ्या जागेभोवती हात हलवत फेऱ्या मारायची. एकाही पोटावर त्याचा काही परिणाम दिसत नव्हता. वापस जाताना हीच मंडळी लोकांच्या कुंपणातली जास्वंद तोडून पिशवीत भरत. चोरलेली फुलं देवाला जास्त आवडत असावीत.

किराणा दुकान कोपऱ्यावर होतं. दुकानदार सामान काढेपर्यंत माझं मूळ गाव, नोकरी आणि सासुरवाडी काढून घ्यायचा. पीठगिरणी दोन गल्ल्या सोडून. न्हावी मुख्य रस्त्यावर. गल्लीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यात मला तिसऱ्या दिवशी घेतलं. रोज सकाळी त्यात उगवता सूर्य आणि माणुसकीवरचे सुविचार येत. नळ आठ दिवसांनी येई आणि त्या दिवशी माणुसकी बंद असे. प्रत्येकाची मोटर थेट नळाला.

ओळख करून घेण्याची या लोकांची एक पद्धत आहे, ती मला तोंडपाठ आहे. आधी आडनाव. त्यावरून जमलं नाही तर गाव. मग गावात घर कोणत्या बाजूला. मग, "तुमच्याकडे कोणकोणते सण असतात?" आणि एवढं करूनही शंका राहिलीच तर पाणी प्यायच्या निमित्ताने घरात येऊन भिंतीवरची तसबीर पाहायची. पाणी मात्र प्यायचं नाही. समोरच्या घरातले निवृत्त मुख्याध्यापक गावापर्यंत पोचले तेव्हा मीच त्यांची पायपीट वाचवली. म्हटलं, सर, आम्ही बौद्ध. ते फार आनंद झाल्यासारखे म्हणाले की तुमचे लोक आता खूप पुढे गेले. मी म्हटलं, हो, तुमच्यासमोरच येऊन पोचलो. ते हसले. त्यांच्या कुंपणाची भिंत सव्वा फूट रस्त्यात होती.

एकच माणूस आडवळणाने आलं नाही. शेजारची म्हातारी. तिच्या पोराने मळा लेआउटवाल्याला विकून हिरव्या काचांचं दुमजली घर बांधलं होतं, गळ्यात जाड साखळी घातली होती, आणि दारात एवढी मोठी गाडी ठेवली होती की ती वळवायला त्याला मंदिरापर्यंत जावं लागे. म्हातारी त्या घराच्या ओट्यावर काठी घेऊन दिवसभर बसलेली असे आणि आमच्या घरात पाहत राही. आम्ही पलंग कुठे ठेवला, कपाट कुठे, सगळं तिने पाहिलं. पहिल्याच दिवशी तिने ओट्यावरूनच विचारलं, "कोन जातीचे हो तुमी?" मी सांगितलं. ती "हं" म्हणाली, बाजूला तंबाखू थुंकली आणि आमच्या नळाला पाणी किती जोरात येते ते विचारू लागली. मला ती आवडली नाही, पण तिच्या बाबतीत मोजायला काही शिल्लक राहिलं नाही असं मात्र वाटलं.

गृहप्रवेश रविवारी ठरला, कारण नोकरदारांना तोच दिवस मोकळा. बायको स्वतः घरोघरी आमंत्रण द्यायला गेली. मी बरोबर होतो, आणि कोण हो म्हणताना दाराकडे पाहतो, कोण घड्याळाकडे, ते टिपत होतो. बायको प्रत्येक बाईचे दोन्ही हात धरून सांगायची, की जेवायलाच यायचं, नुसतं भेटायला नाही. म्हातारीलाही तसंच. म्हातारीने आपले धरलेले हात बराच वेळ पाहिले आणि किती वाजता ते विचारलं. येताना मी बायकोला म्हटलं, पन्नास माणसांचा सयपाक करू नको, पाच जणांचा कर. तिने आचाऱ्याला साठ माणसांचा सांगितला.

रविवारी सकाळी दहाला बुद्धवंदना झाली. कामरगावहून साळा, त्याचं बिऱ्हाड आणि भाऊबंद जीपने आले होते, तेवढेच पांढऱ्या कपड्यांत बसले. बाराला अंगणातल्या मांडवात पानं मांडली. वांग्याची भाजी, वरण-भात, पोळ्या, भजी, बुंदी, मठ्ठा, आणि बायकोने स्वतः पहाटे उठून केलेली खीर. मग गल्ली यायला लागली.

आली म्हणजे फाटकापर्यंत आली. मुख्याध्यापक जोडीने आले, भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, घर छान आहे म्हणाले आणि जेवायचं म्हटल्यावर दोघांनीही एकदम पोटावर हात ठेवला. उपास होता. मी विचारलं, रविवारी कसला? सूर्यनारायणाचा, ते म्हणाले. त्यांच्या मागून आलेल्या दोघांनीही घड्याळच आणलं होतं, आणि त्यांचाही उपास निघाला. एकाची संकष्टी होती, जी कॅलेंडरात गुरुवारी होऊन गेली होती. एकीचा नवस होता. एकाला डॉक्टरने गोड बंद केलं होतं, तेव्हा मी म्हटलं की वांगं गोड नाही, तर तो म्हणाला की वांगंही बंद आहे. किराणा दुकानदाराने गणपतीची फ्रेम आणली, आमच्याकडे, वंदनेच्या दिवशी, आणि उपास सांगून पेढा रुमालात बांधून घेऊन गेला.

या गल्लीत रविवारी काय असतं ते मला तीन आठवड्यांत कळलं होतं. रविवारी या गल्लीत मटण असतं. अकरापासून कुकरच्या शिट्ट्या होतात आणि मसाल्याचा वास आमच्या बेडरूमपर्यंत येतो. त्या दिवशीही आला. साडेबाराला, मुख्याध्यापकांच्या खिडकीतून, सूर्यनारायणाच्या उपासाचा. मी साळ्याला तो वास दाखवला. आम्ही खूप हसलो. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. माझं प्रत्येक भाकीत खरं ठरत होतं, आणि अशा वेळी माणसाला आपण किती शहाणे आहोत याचंच कौतुक वाटतं. बायको फाटकाशी उभी होती. प्रत्येकाला ती एकदा आग्रह करायची, मग दुसऱ्यांदा, आणि मग हसून पेढ्याचा डबा पुढे करायची. तिसऱ्या-चौथ्या घड्याळानंतर तिच्याकडे पाहणं मी बंद केलं.

एकच्या सुमाराला म्हातारी काठी टेकत आली. बायको लगबगीने पुढे गेली, तिचा हात धरला. म्हातारी दम घेत म्हणाली, "पोरी, मले आज उपास हाय, पन..."

तो 'पन' मी ऐकला. आजही मला तो स्पष्ट ऐकू येतो. पण मी तिला पुढे बोलू दिलं नाही. मांडवातून ओरडून म्हणालो, "आजी, घरी जा. यंदा या गल्लीत उपासाचं पीक लई जोरदार आलं. तुमचाच एक राह्यला होता, तोही आला."

साळा मोठ्याने हसला. भाऊबंद हसले. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, तिच्या ओट्यावरून पलंग-कपाट पाहायची तसंच पाहिलं, आणि वळून गेली. बायको हळूच म्हणाली, "तिले पुरं बोलू तं द्यायचं." मी म्हटलं, काय बोलणार होती ते मला चौदा वर्षांपासून माहीत आहे.

मग मी जेवलो. भरपूर जेवलो, साळ्याबरोबर पैजा लावून बुंदी खाल्ली. दोनला पाहुण्यांची जीप गेली. मांडवात चाळीस माणसांचं अन्न तसंच होतं आणि ते पाहून माझा मजेचा सूर उतरला, राग चढला. मला ते भरलेले गंज, ती मोठाली पातेली, डोळ्यांसमोर नको झाली. मी आचाऱ्याला सांगितलं, सगळं तुझ्या टेम्पोत घाल. लेआउटच्या टोकाला अपार्टमेंटचं काम चालू होतं, तिथे बाहेरगावचे मजूर राहायचे, त्यांना देऊन ये. बायको म्हणाली, दिवस आहे अजून, थोडं राहू द्या. मी विचारलं, कोणासाठी? ती आत गेली. मी खीरसुद्धा ठेवली नाही. मजुरांनी ती चाटूनपुसून खाल्ली असं आचाऱ्याने येऊन सांगितलं, तेव्हा मला वाटलं, चला, गल्लीचं नाक कापलं. गल्लीला याचा पत्ताही नव्हता. गंज घासून अंगणात उपडे घातले आणि मी झोपलो.

उठलो तेव्हा ऊन कुंपणावरून उतरलं होतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात बसून पेढ्यांची रिकामी खोकी दुमडत होती. चहा झाला. दिवे लागणीची वेळ झाली आणि फाटकाची कडी वाजली.

म्हातारी होती. धुतलेलं लुगडं नेसली होती, केस चोपून बांधले होते. आत आली, चपला पायरीखाली काढल्या, सरळ हॉलमध्ये येऊन भिंतीला टेकून खाली बसली, पाय लांब केले आणि म्हणाली, "दिवस बुडाला. वाढ, पोरी."

आम्ही दोघं नुसते उभे. तेव्हा तिने दुपारचं राहिलेलं वाक्य पुरं केलं. रविवार म्हणजे बाजाराचा दिवस. बाजाराच्या दिवशी टोपली रिकामी झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, हे तिला सासूने लावून दिलेलं. भरल्या पोटी बसलं की जीभ आळसावते, गिऱ्हाईक पुढे निघून जाते, असं सासूचं म्हणणं. चाळीस वर्षं तिने भाजीची टोपली त्याच नेमाने विकली. आता मळा नाही, टोपली नाही, पण रविवारी तिला घास उतरत नाही. बाजार मोडायच्या वेळेपर्यंत, म्हणजे दिवस बुडेपर्यंत, ती तशीच बसून राहते.

"आज तुमच्या घरी सोडाचा होता," ती मला म्हणाली. "थेच सांगाले आलती. तुले दम नाई."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं झाली संसाराला, असं तिने कधी पाहिलं नव्हतं. अंगणात धुतलेले गंज उपडे होते. घरात पोळीचा तुकडा नव्हता. मला लाज वाटली, आणि ती कुठे ठेवावी ते कळेना. बायको म्हणाली, आजी, बसा, गरम करून वाढते, आणि आत जाऊन तिने ज्वारीचं पीठ काढलं.

भाकऱ्या होईपर्यंत मी म्हातारीसमोर बसून होतो. तिने भिंतीवरची तसबीर पाहिली, मग खाली ओळीने ठेवलेली घड्याळं पाहिली. प्रत्येकात वेगळे वाजले होते. मग तिने काठीने फरशी ठोकली. म्हणाली, इथे मेथी होती. सयपाकघराखाली वांगे. पलीकडे, आमचं संडास आहे तिथे, विहीर होती, ती बुजवली. या प्लॉटचा नकाशा मला पाठ आहे. गट क्रमांक, लांबी, रुंदी, चारही बाजूंच्या हद्दी. त्यात विहीर नाही आणि मेथीही नाही.

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, की गल्लीतलं कोणी आलं नाही, तुम्ही कशा आलात?

"पयले नसती आली," ती म्हणाली. "खोटं कायले बोलू? तुमच्या लोकायले मी वरून भाजी टाकत होती, हाताले हात लागू देत नोती. आता वावर गेलं, बाजार गेला. सून टीवी पायते आन ताट सरकून देते. हे पोरगी आली तं दोनी हात धरून बलावून गेली. कोनं धरले होते माहे हात इतक्या सालात?"

चांगलं बोलली असं मला वाटलं नाही. वरून टाकलेल्या भाजीचा राग आला, आणि तिने तो लपवला नाही म्हणून करायचं काय तेही कळेना.

बायकोने ताट आणलं. दोन भाकरी, पिठलं, ठेचा, फोडलेला कांदा. साठ माणसांच्या सयपाकानंतर आमच्या घरात हे ताट वाढलं गेलं. म्हातारीने हात धुतला आणि जेवायला लागली. दिवसभराची उपाशी होती, तरी घाई नाही. बायको समोर बसून पाहत होती. कारंज्याच्या त्या मागच्या दारापासून ती ज्याची वाट पाहत होती ते आता तिच्यासमोर घडत होतं.

"मीठ कमी हाय," म्हातारी म्हणाली.

बायको उठून मीठ घेऊन आली. दिवसभरात पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झालेला मी पाहिला.

अर्धी भाकर खाऊन झाल्यावर म्हातारीचा हात थांबला. तिने बायकोच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तू कवा जेवली?"

बायको म्हणाली, जेवीन ना, तुमचं होऊ द्या. मी मध्येच म्हणालो, ती दुपारीच जेवली असेल आमच्याबरोबर. म्हातारीने माझ्याकडे लक्ष दिलं नाही. पुन्हा बायकोला विचारलं. बायको खाली मान घालून म्हणाली, "गल्लीतलं एक तरी मानूस जेवल्याबिगर मी कशी जेवू?"

दुपारपासून मी या गल्लीतले उपास मोजत होतो. खरे किती, खोटे किती, कोणाचा कोणत्या देवाचा. चहा झाला तेव्हा तिने कप हातात घेतला होता, पण प्यायली होती की नाही ते मला आठवेना.

म्हातारीने आपल्या ताटातली दुसरी भाकर उचलली, मोडली, अर्धी ताटाच्या त्या कडेला बायकोसमोर ठेवली. पिठलं बोटांनी मधे ओढून दोन वाटे केले.

"बस," ती म्हणाली. "तुहाबी सोड."

बायको बसली. दोघी एका ताटात जेवल्या. ठेचा तिखट झाला होता म्हणून म्हातारीने पाणी मागितलं, ते मी आणून दिलं, आणि ती आमच्या लोट्यातून तोंड लावून प्यायली. नंतर मी तिथेच दाराशी उभा राहिलो. मला कोणी बस म्हटलं नाही. मी दुपारीच जेवलो होतो.